कवठी चाफ्याची वाटणी

चाफा म्हटलं की लोकांना पिवळा सोनचाफा आठवतो, नाहीतर देवळापुढचा पानं झडलेला पांढरा. आमच्या परड्यातला चाफा या दोन्हींतला नव्हता. तो कवठी चाफा. त्याला झाड म्हणण्यापेक्षा झुडूपच म्हणावं. माणसाच्या उंचीवर तो फारसा कधी गेला नाही. पानं लांब, गर्द हिरवी, खाली झुकलेली, आणि त्यांच्याआड लपून कळी यायची, लहानशा अंड्यासारखी, हिरवट. माहीत नसलेल्या माणसाला झाडाला फूल आहे हे कळायचंही नाही. दिवेलागणीला ती कळी सैल व्हायची आणि आतून जाड, मेणासारख्या पाकळ्या बाहेर यायच्या. वास थेट पिकल्या कवठाचा. एक फूल उमललं तरी मागच्या दारापासून पुढच्या सोप्यापर्यंत घर भरून जायचं. सकाळी बघावं तर पाकळ्या खाली मातीत.

त्या पाकळ्यांना बोट लावायचं नसतं. जिथं बोट लागेल तिथं घटकाभरात तपकिरी डाग पडतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. वासानं वेडी होऊन मी फूल ओंजळीत धरलं, हुंगलं आणि देवापुढं नेऊन ठेवलं. जेवणं होईपर्यंत त्याच्यावर माझ्या पाची बोटांचे डाग उठले होते. सगळ्यांना दिसले. मी मान खाली घालून बसले. तेव्हा माझी नणंद पुढं झाली, मला हाताला धरून परड्यात घेऊन गेली आणि दुसरं फूल दाखवून म्हणाली, "अगं, देठाला धर. फुलाला न्हवं."

त्या घरात कुणी माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी बोलायला फार लाजत असे. कुणी काही विचारलं तर मानेनंच हो-नाही करायची. नणंदेला आम्ही वन्सं म्हणतो, म्हणून इथंही वन्संच लिहिते.

वन्सं ह्यांच्यापेक्षा मोठ्या, थोरल्या दिरांपेक्षा लहान. त्यांना निपाणीकडं दिलं होतं. मूल झालं नाही म्हणून मालकानं दुसरी केली. दुसरी घरात आली तरी वन्सं सगळा पावसाळा तिथंच राहिल्या आणि दसऱ्याच्या आधी माहेरी आल्या, त्या कायमच्याच. हे सगळं मला जाऊबाईंनी सांगितलं होतं, चुलीपुढं, हळू आवाजात. पण पावसाळाभर का राहिल्या, हे जाऊबाईंना माहीत नव्हतं. ते मला वन्संनी स्वतः सांगितलं, एकदा गुटी बांधताना.

कवठी चाफ्याला बी धरत नाही. निदान आमच्याकडं कधी धरलं नाही. त्याचं रोप करायचं तर फांदीवर गुटी बांधावी लागते. पाऊस लागला की बोटाएवढी जाड, निरोगी फांदी बघायची. तिची साल बांगडीसारखी गोल सोलून काढायची. तिथं तांबडी माती आणि जुनं शेण कालवून त्याचा गोळा बसवायचा, वरून ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि सुतळीनं दोन्हीकडं आवळायचं. मग पाऊस असो नसो, तो गोळा सुकू द्यायचा नाही. वन्सं तांदूळ धुतलेलं पाणी त्याच्यासाठी राखून ठेवायच्या. नवरात्राच्या सुमारास गोणपाटातून पांढऱ्या मुळ्या डोकावायला लागल्या की खालून फांदी कापायची. आईला न दुखवता लेक वेगळी करायची, असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी मी गोळा धरला होता आणि त्या सुतळी आवळत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "सवत आली त्याच दिवशी कळलं हुतं, आता हितं ऱ्हायचं न्हाय. पर फांदी बांधलेली हुती. मुळ्या फुटंस्तोवर थांबले."

एवढंच. ती फांदी म्हणजेच आमच्या परड्यातला चाफा. निपाणीहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. सोबत एक पत्र्याची पेटी होती, बाकी काही नाही. इथं आल्यावर त्यांनी परड्याच्या मधोमध, विहिरीच्या अलीकडं, लिंबाची सावली येते तिथं तो लावला. त्याला कडक ऊन सोसत नाही. जागा त्यांनी निवडली, आणि तेव्हा कुणी काही म्हटलं नाही, कारण सासूबाई होत्या. सासूबाई होत्या तोवर वन्सं ही घरची लेक होती आणि घर एक होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर सासूबाई गेल्या. सासरे त्याआधीच गेले होते. वर्षश्राद्ध झालं आणि वाटणीचं बोलणं सुरू झालं. भांडण काही नव्हतं. थोरल्या दिरांचं किराणा दुकान होतं, हे शिरोलीला फौंड्रीत जात होते. दोघांचे संसार वाढले होते आणि चूल एक ठेवणं जड जात होतं. घराला आधीपासून दोन दारं होती, तेव्हा खोल्यांचं सोपं झालं. भांडी वाटली. जातं त्यांच्याकडं, उखळ आमच्याकडं. देव थोरल्यांकडं. एकेक वस्तू सोप्यात आणून ठेवायची, आणि जिकडं जायची तिकडं ती जायची. वन्सं स्वतः ती भांडी घासून, पुसून आणून ठेवत होत्या. ही परात कुणाच्या लग्नातली, तो हंडा कुठून आला, हे त्यांनाच ठाऊक असायचं.

पण वन्संचं कुणी काढलं नाही. त्या कुठल्या चुलीवर जेवणार, कुठल्या खोलीत झोपणार, हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही.

शेवटी राहिलं परडं. ते लांब आणि अरुंद होतं. मधून भिंत घालायची ठरली. मोजमाप बघायला गडमुडशिंगीहून मामेसासरे आले. मोठा माणूस, आवाज खडा, सगळी भावकी त्यांचं ऐकायची. त्यांनी परड्याच्या दोन टोकांना खुंट्या ठोकायला लावल्या, दोरी ताणली, आणि दोरी बरोबर चाफ्याच्या बुंध्याला जाऊन टेकली.

मामेसासऱ्यांनी विचारलं, हे झाड कुणाकडं धरायचं.

थोरले दीर लगेच म्हणाले, "धाकट्याकडं धरा. त्येला फुलाची हौस हाय."

ह्यांना फुलाची कसली हौस. फौंड्रीतून येत ते काळवंडलेले, आणि आंघोळ करून झोपत. पण हे म्हणाले, "असं कसं? दादा थोरला हाय. थोरल्याच्या वाटणीलाच शोभतंय ते."

परत थोरले म्हणाले की धाकट्याचं परडं मोकळं आहे. परत हे म्हणाले की दादाकडं देव आहेत, देवाला फुलं लागतात. असं बराच वेळ चाललं. दोघंही गोड बोलत होते. मामेसासरे हसायला लागले. "आमच्या गावात बांधासाठी डोकी फुटत्यात, आणि तुम्ही एकमेकाला झाड देताय व्हय? असली वाटणी मी जन्मात बघितली न्हाय."

हसले खरे, पण हसता हसता त्यांनी धुण्याच्या दगडाकडं बघितलं. तिथं वन्सं पाठमोऱ्या बसून राखेनं तांब्ये घासत होत्या. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. तिथल्या सगळ्यांनाच कळलं होतं. ज्याच्याकडं चाफा जाईल त्याच्याकडं वन्सं जाणार होत्या. दुसरीकडं त्या राहिल्या असत्या तर रोज भिंतीपलीकडं पाणी घालायला गेल्या असत्या थोड्याच? भाऊ झाड नाकारत नव्हते.

जाऊबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वासाच्या झाडाला जनावर येतंय म्हणत्यात, मामा. आमच्यात ल्हान पोरं हाईत."

त्यांचा सगळ्यांत धाकटा तेव्हा हायस्कुलात जात होता. मिसरूड फुटली होती त्याला. मग थोरले दीर वैतागले. दुकान उघडायची वेळ टळून चालली होती. ते म्हणाले, "मग तोडूनच टाकूया की. कुणालाच नगं तर."

तांब्या घासायचा आवाज थांबला.

मी चहाचं ताट घेऊन दारात होते. मोठ्या माणसांपुढं मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. मामेसासऱ्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. ताट कुठं ठेवलं ते आठवत नाही, पण ते खाली ठेवलं होतं एवढं नक्की, कारण पदर मी दोन्ही हातांनी धरलेला आठवतो. मी म्हणाले, "चाफा आमच्याकडं ऱ्हाऊ दे. आणि वन्सं बी."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, दोरीकडं बघत राहिले. मामेसासरे खाकरले आणि म्हणाले, ठरलं तर. थोरल्या दिरांच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं झालं, आणि ते त्यांना लपवता आलं नाही. वन्संनी तांब्या विसळला, पालथा घातला आणि दुसरा घेतला.

भिंत पलीकडच्या गल्लीतल्या गवंडीचाचांनी बांधली. आमच्या पेठेतली बरीचशी धुराडी त्यांच्या हातची होती. चाफा आमच्याकडं घ्यायचा तर भिंतीला तिथं बाक द्यावा लागत होता, आणि त्या बाकाच्या बदल्यात धुण्याचा दगड थोरल्यांकडं गेला. गवंडीचाचांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. ते म्हणाले, वाकडी भिंत बघून लोक मला नावं ठेवतील, तेव्हा सांगत चला की घरच्यांनी सांगितलं म्हणून वाकडी घातली. भिंत वर चढल्यावर पलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "दगड आमचा, वास तुमचा. घ्या पोटभर." त्या तशा मनानं वाईट नव्हत्या. बोलणं तेवढं तिखट होतं. अडीनडीला पुढंही त्याच धावून आल्या.

भिंत पुरी झाली त्या संध्याकाळी चाफ्याला एक फूल उमललं. मी भाकरी थापत होते. वन्सं परड्यातून आत आल्या, माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वैनी, एक फूल काढू का देवाला?"

एरवी मला 'अगं'च म्हणायच्या, म्हणून वाटलं थट्टा करताहेत. मी हसून म्हटलं, काढा की. त्यांनी फूल काढलं, देठाला धरून, वाटीत पाणी घालून देवापुढं ठेवलं. आमच्याकडं नवा देव्हारा आणला होता, त्यापुढं.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मग दर वेळी. नुसतं फुलाचंच नाही. चहा उरला तर घेऊ का, हा दिवा मालवू का, दुपारी जरा पडू का. माजघरातलं अंथरूण त्यांनी आपणहून काढलं आणि मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात घातलं. त्यात राग नव्हता. टोमणा तर अजिबात नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एखादं काम नीट शिकून घ्यावं तसं दुसऱ्याच्या घरात राहणं शिकून घेतलं, आणि ते त्या चोख करत होत्या.

एकदा धीर करून मी म्हटलं, वन्सं, असं विचारत जाऊ नका. त्या शांतपणे म्हणाल्या, "तसं कसं, वैनी? झाड तुमच्या वाटणीचं हाय."

मी परड्यात तेव्हा काय बोलले होते ते मी मनात पुष्कळदा फिरवून बघितलं. त्या दिवसापर्यंत त्यांचं नाव वाटणीत कुणी घेतलं नव्हतं. मी घेतलं. हंड्यापरातीच्या रांगेत, झाडाच्या मागोमाग. पण न घेते तर काय झालं असतं, तेही मला दिसत होतं. झाड तुटलं असतं, आणि वन्संनी पेटी उचलली असती. कुठं गेल्या असत्या, कुणास ठाऊक. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात, आणि त्यांचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. असल्या गोष्टी बोलून दाखवायला शब्द लागतात, ते माझ्याकडं नव्हते. म्हणून मी दुसरंच काहीतरी करत राहिले.

आळीतल्या बायका गुटी मागायला यायच्या. मी म्हणायची, मला नका विचारू, झाड वन्संचं आहे. त्या वन्संकडं जायच्या. वन्सं म्हणायच्या, थांबा हं, वैनींना इचारते. समोरच्या घरातली एक बाई अशी दोनदा हेलपाटली आणि मग परड्यात मधोमध उभी राहून म्हणाली, "दोघी मिळून मला चेंडू करताय व्हय गं? एक तर द्या, न्हाय तर हाकलून तर द्या." आम्ही दोघीही हसलो. पण गुटी शेवटी मी 'द्या' म्हटल्यावरच दिली गेली.

ह्यांनीही आपल्या परीनं केलं. वाटणीच्या दिवसानंतर बरेच दिवस हे माझ्याशी तुटक होते. बायको मामापुढं बोलली, याचा राग होता, आणि आपण बोललो नाही, याचाही असावा. मग एका पावसाळ्यात हे फौंड्रीतून येताना सामानाच्या गुंडाळीचं जाड गोणपाट घेऊन आले आणि काही न बोलता चाफ्यापाशी ठेवून हातपाय धुवायला गेले. वन्संनी त्याचे गुटीपुरते तुकडे करून ठेवले. मात्र ते वापरायच्या आधी त्यांनी मला विचारलंच.

वर्षं अशी गेली. भिंतीला शेवाळ आलं. भिंतीच्या आडोशानं चाफ्याला ऊन कमी लागायला लागलं आणि तो पहिल्यापेक्षा जास्त फुलायला लागला. माझी लेक हायस्कुलात जायला लागली आणि वन्संच्या पाठीत वाक आला. सुतळी आवळायला त्यांना आता माझी मदत लागायची, पण कुठली फांदी घ्यायची, हे त्याच ठरवायच्या. तेवढं एक त्यांनी कधी विचारलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीनं गारगोटीला घर बांधलं. वास्तुशांतीला मी गेले तेव्हा तिनं पुढचं अंगण दाखवून सांगितलं, अक्का, इथं तुझा कवठी चाफा पाहिजे. परत आल्यावर मी वन्संना सांगितलं. त्यांनी झाडाभोवती फिरून विहिरीकडची फांदी निवडली, सगळ्यांत चांगली, आणि त्या पावसात तिच्यावर गुटी बांधली. मी रोज जाऊन बघायची. मला माहेरच्या माणसाला देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नवरात्रात गोणपाटातून मुळ्या दिसायला लागल्या तेव्हा मी बहिणीला निरोप धाडला की दिवाळीला ये आणि घेऊन जा.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी मी अंबाबाईला गेले, येताना भाजी घेतली आणि घरी आले. मागच्या दारातून परड्यात डोकावले तर विहिरीकडची फांदी नव्हती. खालून साफ कापलेली, आणि कापल्या जागी शेण लावलेलं. वन्सं दाराशी डाळ निवडत बसल्या होत्या.

मी विचारलं, गुटी कुठं गेली.

मागच्या गल्लीत बौद्धांची घरं होती. तिथली एक मुलगी सासरहून परत आली होती. वर्ष होऊन गेलं होतं. चांगली सातवी शिकलेली, पण घराबाहेर दिसायची नाही. तिला कुठल्याशा वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं होतं, राहायला एक खोली होती, आणि ती त्या दिवशी निघाली होती. जाताना आळीतल्या बायकांचा निरोप घेत ती आमच्याकडंही आली. वन्संनी तिला थांबवलं, कोयत्यानं गुटी उतरवली, तेलाच्या रिकाम्या डब्यात माती घालून लावली आणि तो डबा तिच्या हातात दिला. सावलीत ठेव, म्हणून सांगितलं. हे सगळं मला त्यांनी डाळ निवडता निवडताच सांगितलं.

मला इतका राग आला की माझा आवाज वर गेला. माझा आवाज कधी वर जात नाही. "वन्सं, ती माझ्या बहिणीची हुती. मला इचारायचं तरी हुतं."

वन्संनी मान वर केली नाही. सुपातला खडा बोटानं बाजूला सारत त्या म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला काय घाई हाय? तिला घर हाय, दार हाय. म्होरल्या साली बांधू की."

मी तशीच उभी राहिले. विचारत जाऊ नका म्हणणाऱ्या माझ्याच तोंडून काय निघालं होतं ते मला ऐकू यायला जरा वेळ लागला. त्यांना ते ऐकू आलं होतं की नाही, कळलं नाही. त्यांनी सूप पाखडलं, खाली ठेवलं आणि हात पुढं केला.

"ती पिशवी दे हिकडं. कोथिंबीर दबून गेली असंल."

मी पिशवी दिली. राग खरा होता, आणि तो लगेच गेला नाही. बहिणीला काय सांगायचं, ती काय म्हणेल, माहेरी काय बोलणं होईल, हे सगळं डोक्यात घेऊन मी चूल पेटवली. पाठीमागं वन्सं कोथिंबीर निवडत होत्या. वांगी घातलीस का पिशवीत, म्हणाल्या. मी चुलीत फुंकर घालत राहिले. मग वांगी त्यांना सापडली. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, भरून कर, आणि कूट जाडसर ठेव, मागच्या खेपेला फार बारीक झालं होतं.